पळसावरची साडी

लाइट गेली म्हणून माह्यापाशी येऊन बसले, नाही तं एरवी या बुढ्याले कोण विचारते! बसा. धनराज, त्या दोन तुरकाट्या टाक आगीत. अन् मोबाईल खिशात ठेवा बे सारे, मी सांगून राहिलो तेवढा वेळ. भुताचीच पाहिजे ना? भुताचीच सांगतो. पण माह्या आज्यानं पाहिलं, पंज्यानं पाहिलं, असलं काही नाही. हे गेल्या वर्षीचं आहे. ज्या पोरीवर बेतलं, ती आजही महिन्या-दोन महिन्यांनी लाखांदूरच्या एस्टीनं येते. एकदा आपल्या श्रावणच्या घरी, मिशनची गाडी चालवते ना तो, जेवाले बसली होती, मी बाजूलेच होतो. विषय निघाला अन् ती सांगत राहिली. ताटातला भात वाळून गेला, पण तिनं घास उचलला नाही.

रिता नाव तिचं. नागपूरची. तिथल्या चर्चच्या पोरापोरींची टोळी दर डिसेंबरात दहा-बारा दिवस येते, लाखांदूरच्या रस्त्यावर मिशनचं घर आहे ना, तारेच्या कंपाउंडवालं, तिथी. मायबाप नसलेले लेकरं राहतात त्या घरात, अन् त्यातले अर्धे दुखणाईत. कोणाले सिकलसेल, कोणाले मिरगी, कोणाले चालताच येत नाही. टोळीतले पोट्टे येतात, लेकराईले गाणे शिकवतात, फोटो काढतात अन् जाताना गळ्यात पडून रडतात. रिता त्यातली नव्हती. नर्सिंग शिकून राहिली होती. लेकराचं नाक पुसाले, ओकारी धुवाले तिले कधी कसंतरी वाटलं नाही. निर्मलाबाई, त्या घराची मोठी बाई, मोठी कडक. कोणाची तारीफ म्हणून करत नाही. तरी हिले ‘माही रिता’ म्हणे.

डिसेंबरचा दुसरा शनिवार होता. दुपारून निर्मलाबाईनं तिले बोलावलं.

“रिता, श्रावणच्या गाडीत जा अन् एक लेकरू घेऊन ये. पाच महिन्यांची पोरगी आहे. गुड्डी म्हणतात. पोटात होती तेव्हाच बाप गेला, अन् आता मायही गेली काविळीनं. घरी एक आजी आहे, तिले दिसत नाही.”

शकुन नाव होतं त्या मायचं. दोन दिवस झाले होते तिले जाऊन, तेव्हापासून गुड्डीनं दूध म्हणून तोंडात घेतलं नव्हतं. बाटली नाही, चमचा नाही. बोटानं चाटवलं तं थुंकून टाके. साखरेच्या पाण्याचे थेंब तेवढे उतरत. वर ताप. डॉक्टरनं त्याच दिवशी पाहिलं होतं, दवा दिला होता. म्हणे, आज रातभर थोडं थोडं दूध पाजून पाहा. पोटात दूध गेलं तं वाचते. नाही गेलं तं उजाडल्या उजाडल्या भंडाऱ्याले घेऊन जा, पण मंग माह्यानं काही सांगवत नाही.

रितानं गाडीत बसल्या बसल्या ठरवलं, का हे लेकरू जाऊ द्याचं नाही. दुसरं काही तिच्या डोक्यातच नव्हतं. हे ध्यानात ठेवा. लोकं म्हणतात, शहरातल्या पोरीईले अक्कल नसते. मी म्हणतो, अक्कल होती, माया बी होती. तिथंच तं घोळ झाला!

त्या गावाचं नाव नाही सांगत, तिथल्या पोरीईचे लग्न व्हायचे आहेत अजून. पोहोचेपर्यंत दिवस बुडाला. धान कापून झालं होतं, गल्लीत जागोजागी धानाचे पुंजणे रचून होते, गाडी आत जात नव्हती. म्हणून श्रावणनं गाडी बोडीच्या पाळीवर लावली. लहानसा तलावच तो, गावाच्या तोंडाशी. तिथून दोघं पायीच घरी गेले.

आजीचं नाव ललिताबाई. लेकराले मांडीवर घेऊन बसली होती. रितानं पोरीले उचललं. वजनच नव्हतं लेकराले. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली. रडत होती, पण आवाज कण्हल्याएवढाच निघत होता.

आता ऐका. मिशनमध्ये एक पद्धत आहे. नवीन लेकरू आणलं का त्याच्या मायच्या अंगावरचं एखादं कापड सोबत आणाचं. वापरलेलं, न धुतलेलं. मायचा वास असला का लेकरू परक्या जागी झोपते, दूध घेते. चांगली पद्धत आहे, मी नावं नाही ठेवत. रितानं तेच विचारलं.

“आजी, शकुनताईची एखादी साडी द्या ना. अर्धीमुर्धी असली तरी चालते.”

म्हातारीनं जोरात मान हलवली. “नाही वो बाई. पाजती माय गेली का तिचं कापड लेकराजवळ ठेवत नाही आम्ही. घरातून सारं काढून टाकलं. तू मागू बी नको.”

रिताले वाटलं, गरीब लोकं, भोळ्या समजुती, दुःखात आहे बिचारी. कायले वाद घालाचा? लेकराले शालीत गुंडाळलं अन् निघाली. श्रावणले म्हाताऱ्या बाईनं हात धरून थांबवलं, रडत होती ते, म्हणून तो मागं राहिला. रिता एकटीच पाळीवर आली.

अन् तिथी, उरल्यासुरल्या उजेडात, तिले साडी दिसली.

बोडीच्या पलीकडच्या काठाले पळसाचं झुडूप होतं. त्यावर निळी साडी पसरून होती, जशी कोणी वाळाले घालते तशी. पण वाळाले घातलेली साडी रातच्याले कोणी बाहेर ठेवत नाही, अन् तिच्या चारी कोपऱ्याईले दगड बांधून होते. रिताच्या ध्यानात आलं का ही शकुनचीच. चांगली साडी, यायनं फेकून दिली! मांडीएवढं लेकरू तडफडून राहिलं, अन् यायले रीत पडली! राग आला तिले.

आता त्या गावची रीत काय, ते मी सांगतो. पाजती माय गेली का तिच्या अंगावरचं शेवटचं कापड गावाबाहेर झाडावर बांधून ठेवतात. तिचा जीव लेकरात अडकलेला राहते ना. तो त्या कापडापाशी थांबावा, घराकडे वळू नये, म्हणून. मंग उन्हानं, दवानं ते कापड विरत जाते, तशी तिची ओढही विरत जाते. कोणी हात लावत नाही. ढोरं बी तिथी चारत नाही कोणी.

रिता पाळीपाळीनं त्या काठाले गेली अन् हात लावला. पदराची एक पट्टी टर्रकन फाडली, हातभर. लेकराच्या छातीशी ठेवली.

गुड्डी चूप झाली. अशी चूप, का जशी कोणी तोंडावर हात ठेवला. मंग तिनं ती पट्टी मुठीत धरली अन् नाकाशी नेली. रिताच्या डोळ्यांत पाणी आलं. “पाहिलं?” म्हणे स्वतःशीच, “एवढंच तं पाहिजे होतं.” श्रावण येताना दिसला तशी तिनं वरून शाल ओढून घेतली. त्याले काही सांगतलं नाही.

निघाले. श्रावण समोर, रिता मागच्या सीटवर खिडकीपाशी, लेकरू मांडीवर. बाजूची जागा रिकामी. काही वेळ बरं गेलं. श्रावण आपला बोलून राहिला होता, धानाचा भाव, त्याच्या पोट्ट्याची शाळा, असंच. मंग रिताच्या ध्यानात आलं, का गुड्डी तिच्याकडे पाहून नाही राहिली. बाजूले पाहून राहिली. रिकाम्या जागेकडे. टक लावून.

अन् हसली.

दोन दिवसांत जिनं डोळा नीट उघडला नव्हता, ते लेकरू हसलं. रिताले आधी आनंदच झाला. ती बी बाजूले वळून हसली, जसं आपण लेकरासोबत हसतो. अन् वळली तशी तिनं पाहिलं... बाजूची सीट दबलेली होती. रेग्झिनची सीट ती, कोणी बसलं का खड्डा पडते मंधात. तसा खड्डा पडून होता.

तिनं स्वतःले समजावलं. जुनी गाडी. जुनी सीट. गाणं म्हणाव म्हणून तोंड उघडलं, ख्रिसमसचं, लेकराईले शिकवलेलं. शब्दच आठवेनात.

“ताई,” श्रावण म्हणे, “तिकडचा दरवाजा नीट लागला नाही काय? मानेवर गार हवा येऊन राहिली.”

दरवाजा लागलेला होता. काच वर होती. श्रावणनं आरशात पाहिलं, मागं. रिताले त्याचे डोळे दिसत होते आरशात. ते डोळे मोठे झाले... अन् त्यानं हात वर करून आरसा छताकडे फिरवून टाकला. मंग तो बोलला नाही. धानाचा भाव नाही, पोट्ट्याची शाळा नाही. काहीच नाही. मिशनचं घर येईपर्यंत एक शब्द नाही.

घराच्या ओसरीत कागदाची चांदणी लावून होती, आत लाल बल्ब. त्या उजेडात रिता उतरली अन् शाल सरकली. श्रावणनं निळी पट्टी पाहिली.

“ताई, हे कोठून घेतलं?”

तिनं सांगतलं. तो मटकन खाली बसला, गाडीच्या चाकाशी, दोन्ही हात डोक्याले लावून.

“काहून हात लावला वो ताई! तुम्ही तिले गाडीत बसवून आणलं...”

“कोणाले?”

त्यानं मागच्या रिकाम्या सीटकडे बोट दाखवलं. आता परत जाऊ म्हणाव तं लेकराले त्या थंडीत परत न्याचं कसं, अन् एकट्यानं जायची त्याची छाती नव्हती. लाजही नाही वाटली सांगाले त्याले, मलेही म्हणे, मामा, मले भेव लागलं. “सकाळ होऊ द्या,” म्हणे, “उजाडलं का मी नेऊन तिथंच बांधतो. पण रातभर लेकराले हातातून सोडू नका. एक क्षणही सोडू नका. न्याले आली आहे ते.”

निर्मलाबाई बाहेर आली होती. तिनं ऐकलं अन् कडक झाली. “श्रावण, असलं काही या घरात बोलाचं नाही. लेकरं भेतात.” प्रार्थना केली, लेकराच्या कपाळावर हात ठेवून. पण प्रार्थना झाल्यावर तिनं बी ती पट्टी काढून पाहिली. निघाली नाही. पाच महिन्यांच्या लेकराची मूठ ती, अन् उघडली नाही. दोघींनी मिळून बोटं सोडवून पाहिले. नाही म्हणजे नाही.

दूधही नाही घेतलं. चमच्यानं दिलं तं गालावरून ओघळून गेलं.

दुखणाईत लेकराईची खोली वेगळी आहे तिथी. रिता गुड्डीले घेऊन त्या खोलीत बसली, भिंतीले पाठ टेकून, खाटेवर. कोपऱ्यात झिरोचा बल्ब. पाच-सहा लेकरं झोपून. निर्मलाबाई बाजूच्या खोलीत गेली, तिकडं एका पोराले मिरगी येऊन राहिली होती. “लागलं तं हाक मार,” म्हणे.

गुड्डीचा ताप वाढत होता. श्वास बारीक. रिता थोड्या थोड्या वेळानं चमचा लावे, दूध गालावरून वाहून जाये. ती पुसे. परत लावे. देवाले म्हणे, एक घोट. प्रभू, एकच घोट जाऊ दे हिच्या पोटात. जिवाच्या आकांतानं मागून राहिली होती पोरगी. भुताबिताचं विसरूनच गेली होती, खरं सांगतो.

मंग थंडी वाढली.

झोपलेली लेकरं... एकामागून एक... त्यायनं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. झोपेतच. अन् भिंतीकडे तोंड केलं. सारे.

एक खुशबू तेवढी जागी होती. सिकलसेलची पोरगी, आठ वर्षांची, रात्री तिचे सांधे दुखत. ते पांघरुणातून हळूच म्हणे,

“ताई.”

“काय वो बेटा?”

“त्या बाईले सांगा ना, दरवाजा लाव म्हणा. मले थंडी वाजते.”

रितानं दरवाज्याकडे पाहिलं. दरवाजा उघडा होता. तिनं स्वतः कडी लावली होती.

“कोणती बाई, खुशबू?”

“ते नाही का... उभी आहे. पदर फाटला आहे तिचा.”

एवढं म्हटलं अन् खुशबूनं पांघरूण तोंडावर घेतलं.

रिताले तं कोणीच दिसत नव्हतं. उघडं दार. बाहेर अंधार. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं.

तेवढ्यात ती पट्टी हलली.

गुड्डीच्या मुठीतून लोंबून राहिली होती ना, ते तिचं टोक... वर उचललं. हवेत. सरळ झालं. ताठ. जसं दुसऱ्या बाजूनं कोणी धरलं.

अन् ओढलं.

हळूच ओढलं. जोर नाही. जशी माय झोपलेल्या लेकराले उचलते, तसं. पण लेकराचा हात पुढं गेला. खांदा गेला. गुड्डी रडली नाही. तिनं डोळे उघडले होते. तोंड उघडून राहिली होती, शोधून राहिली होती तोंडानं.

रितानं दोन्ही हातांनी धरलं. छातीशी. पक्कं. “नाही,” म्हणे. “नाही नेऊ देणार.” पट्टी ओढली गेली. तिनं उलटं ओढलं. तिकडून ओढ... इकडून ओढ... अन् मंधात ते मूठभर लेकरू.

अन् लेकराचा श्वास थांबला.

रितानं पाहिलं. आपणच आवळलं आहे. एवढं पक्कं धरलं का छातीच हलून नाही राहिली लेकराची. तिनं हात ढिले केले. गुड्डीनं कसाबसा श्वास घेतला... अन् परत तोंड उघडलं. त्या रिकाम्या हवेकडे.

भुकेली होती रे ते. एवढंच. मरून राहिली होती भुकेनं, अन् माय समोर उभी होती.

श्रावणनं सांगतलं होतं, एक क्षण सोडू नका. रिता मले म्हणे, मामा, मले माहीत होतं का सोडलं तं कदाचित लेकरू जाईन. अन् नाही सोडलं तं सकाळपर्यंत जाईनच.

ती उठली. लेकराले खाटेवर ठेवलं. हात काढले. ते हात काढताना काय झालं असन तिचं, तुम्हीच समजा. मंग त्या उघड्या दाराकडे पाहून म्हणे...

“शकुनताई. हिले नेऊ नका. पाजा. पाजा अन् जा.”

अन् पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले.

कोणी बाई पाजाले बसली का आपण पाठ फिरवतो ना. तशी.

काही नाही...

काहीच नाही...

मंग खाट वाजली. करकर. कोणी बसलं तशी.

तिच्या मागं. दोन हातांवर.

अन् आवाज आला. लहानसा. चुटूक... चुटूक... घोट गिळते लेकरू, तसा. मंधात थांबे. श्वास घेई. परत चुटूक.

वास आला. दुधाचा. अन् बोडीच्या पाण्याचा, शेवाळाचा.

रिता वळली नाही. मान दुखली. पाय बधिर झाले. डोळ्यांतून पाणी गळून राहिलं होतं, पुसलं नाही. एकदा वाटलं, का आता पाहाव, लेकरू आहे का गेलं... नाही वळली. तो आवाज थांबला कधी, तेही समजलं नाही तिले. मागं सारं शांत झालं. ती शांतता सगळ्यात वाईट होती, म्हणे. कारण त्यात लेकराचाही आवाज नव्हता.

तशीच उभी राहिली. रस्त्यावर पहिल्या एस्टीचा हॉर्न वाजला. खिडकी पांढरी झाली. तेव्हा वळली.

गुड्डी खाटेवर होती. झोपून. पोट वर-खाली होऊन राहिलं होतं, चांगलं टम्म. मूठ उघडी होती अन् निळी पट्टी बाजूले पडून. रितानं कपाळाले हात लावला. ताप नव्हता. ती खाली बसली अन् हमसून हमसून रडली. निर्मलाबाई धावत आली, तिले वाटलं, लेकरू गेलं.

श्रावणनं उजेडात नेऊन पट्टी त्याच साडीले बांधली, हात जोडले, परत आला. डॉक्टरनं लेकरू पाहिलं, म्हणे धोका टळला. अन् गुड्डीनं त्याच दिवशी बाटली तोंडात धरली. पण रिताच्याच हातानं. दुसऱ्या कोणी दिली तं तोंड फिरवे.

ते पहिलंच दूध रिता पाजून राहिली होती. ओसरीत, उन्हात. दहा वाजले असतीन सकाळचे. निर्मलाबाई मागून आली, रिताची वेणी सैल झाली होती ते बांधून द्याले. वेणी उचलली अन् थांबली.

“रिता, हे काय लावून घेतलं वो?”

“काय?”

उजव्या कानाच्या मागं, केसांच्या आत, काळी तीट होती. गोल. आपण लेकराले लावतो ना, नजर लागू नये म्हणून, तशी. मिशनच्या घरात काजळाची डबी नाही. रिता लावत नाही. टोळीतली एकही पोरगी लावत नाही.

रात्रीची असन, म्हणून निर्मलाबाईनं बोट लावलं, वाळली असन तं खरवडून काढाव म्हणून.

बोटाले काळं लागलं. काजळ ओलं होतं.